छान आहे, पण…

कथासंग्रहावरचा मराठी अभिप्राय ठरलेला: ‘छान आहे, पण आता कादंबरी घ्या लिहायला.’ म्हणजे बारा कथा ही नुसती रंगीत तालीम! अ‍ॅलिस मन्रो जन्मभर मुख्यतः कथाच लिहीत राहिल्या, २०१३ साली नोबेल मिळालं म्हणून निभावलं. काहीजण अनुक्रमणिका पाहून सर्वांत छोटी कथा तेवढी वाचतात आणि लेखिकेचा आवाका कमी असल्याचं कळवतात. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी मिळाली, तेव्हा वाद कशावर? प्रकाशनाच्या तारखेवर! जीएंनी पुरस्कारच परत केला. ओळ न् ओळ वाचतात ते फक्त नातेवाईक. ‘तिसऱ्या कथेतली ती खाष्ट आत्या म्हणजे मीच ना गं?’