युवा

आमच्या चाळीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'युवा' म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी नाक्यावर त्याचा पहिला फ्लेक्स लागला, त्यावर फोटोखाली 'युवा नेतृत्व' असं छापलं होतं. पहिल्याच पावसात नेतृत्व फाटून गेलं, युवा तेवढं राहिलं.

आमची चाळ वरळीच्या बीडीडीतली. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळीत अशा १२१ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे चाळीत बिऱ्हाडं ८०. पक्ष किती, हे मात्र त्या त्या महिन्यावर आहे.

पूर्वी सोपं होतं. तळमजल्यावर गिरणीतले लाल बावटेवाले, दुसऱ्या मजल्यावर शाखा, तिसऱ्यावर निळा झेंडा. नळावर भांडण झालं तरी कोण कोणाच्या बाजूने उभं राहणार ते आधीच ठाऊक असायचं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि आमचा पॅसेज मधोमध फुटला. उजवीकडच्या खोल्या एका गटात, डावीकडच्या दुसऱ्या. पुढच्या वर्षी राष्ट्रवादी फुटली, तेव्हा जिन्याखालच्या पानवाल्याने दोन्ही साहेबांचे फोटो उतरवून साईबाबा लावले. रिपब्लिकन गट मोजायला बसलेले थोरले काका मध्येच चहा प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

अशा चाळीत युवा सगळ्यांचा आहे. कोणत्या गटाचा, असं तोंडावर विचारलंत तर म्हणतो, "काका, मी चाळीचा." हे ऐकून काकाही गप्प होतात, कारण गेल्या महिन्यात केईएममध्ये काकूंचा केसपेपर काढायला पहाटे पाचला रांगेत हाच उभा होता.

त्याची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या कडीच्या वेळी. तीन नंबरच्या संडासाची कडी तुटली. उजव्या गटाने जाहीर केलं, कडी आम्ही बसवणार. डाव्याने हरकत घेतली, की या संडासाचा पाठपुरावा पहिल्यापासून आमचा आहे. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला, की संडास दुसऱ्या मजल्यावर असला तरी वरचं पाणी बंद असलं की वापरतो आम्हीच, तेव्हा आम्हाला विश्वासात घ्या. आठ दिवस बैठका झाल्या. आठ दिवस माणसं एका हाताने दार ओढून धरून आत बसत होती आणि बाहेरून कोणी आलंच तर खोकत होती. थोरल्या काकांना दम्याचा त्रास आहे. ते नळावर उभे राहून खोकले तरी तीन नंबरकडे जाणारी माणसं माघारी वळायची.

नवव्या रात्री दोन वाजता युवाने स्क्रूड्रायव्हर घेऊन पस्तीस रुपयांची कडी बसवून टाकली. मी पाहिलं, कारण मीही त्याच कामाला निघालो होतो. मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही काय बघितलं नाय."

सकाळी चाळीवर दोन फ्लेक्स होते. 'अखेर पाठपुराव्याला यश!' उजवीकडेही आणि डावीकडेही. दोन्हींचं डिझाइन युवानेच मोबाइलवर केलेलं, दोन्ही बांधताना शिडी त्यानेच धरलेली आणि दोन्हींवर खाली शुभेच्छुकांत त्याचा तोच एक फोटो, गॉगलसकट. कडीचे पस्तीस रुपये त्याला अजून कोणी दिलेले नाहीत.

त्याच्या घरात पैसा येतो तो आईच्या पोळीभाजीच्या डब्यांतून, आणि जातो तो दहीहंडीच्या टीशर्टात. माउली बोलत नाही असं नाही. मागे एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय? समाजकार्य. बरं, मग गट कुठला? आई म्हणाली, "तुम्ही बघायला कधी येताय ते सांगा, त्या दिवशीचा सांगते."

त्याच्या मोबाइलवर चाळीचे सहा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि सहाही ठिकाणी सकाळी सहाला सुप्रभात घालायचं, ते साहेब बदलून. एकदा घाईत एका साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या साहेबांच्या ग्रुपवर गेल्या. पोरं बाह्या सरसावून जिन्यात आली. युवा म्हणाला, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." पोरं चक्क परत गेली. नेटवर्कचा प्रॉब्लेम त्यांनाही होताच.

मला विचाराल तर हा पोरगा लबाड आहे. पण त्याच्या लबाडीवर चाळीचे जन्मदाखले, रेशनकार्डं आणि मयतीची तिरडी चालते. मयत कुठल्याही गटातली असो, बांबू आणायला हाच जातो.

सध्या त्याला पुनर्विकासाने झपाटलंय. २०१७ साली भूमिपूजन झालं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, प्रत्येकी ५०० चौरस फूट. युवा तो टॉवर बघून आला. आम्हाला वाटलं लिफ्टचं सांगेल, संडास घरातच आहे ते सांगेल. तो म्हणाला, "चाळीस मजले आहेत. म्हणजे गटप्रमुख किती लागतील बघा!"

तेव्हापासून प्लास्टिकची फाइल काखेत मारून तो दारोदार फिरतोय. भाडेपावती, लाइटबिल, वारसाचा दाखला, आधार. ज्या दोन भावांनी २०२२ पासून एकमेकांशी अबोला धरलाय, त्यांच्या सह्याही याने एकाच कागदावर आणल्या, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. आता ७९ खोल्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत. राहिलेली एक खोली युवाची. ती अजून त्याच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे.