दर दोन फुटफुटींना एक ठोका

इंजिन बांधून आलं की गाडीनं निदान चार महिने तोंड उघडू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. सव्वा महिना ती पुण्यात मिस्त्रींच्या शेडमध्ये होती. क्रँक ग्राइंड झाला, बोअर मारला, ओव्हरसाइज पिस्टन बसले, रिंगा नव्या, बेअरिंगचे शेल नवे. गाडी म्हणजे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी: जन्म कुर्ल्याचा, इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा हळव्या लोकांनी वर्तमानपत्रांतून उसासे टाकले. आमचे मिस्त्री म्हणाले, "बरं झालं, आता सामान मिळेल."

गाडी ताब्यात देताना त्यांनी दोनच पथ्यं सांगितली. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, आणि पाचशेला ऑइल बदलायचं. म्हटलं, गुहागरला जाऊन येऊ. व्याडेश्वराचा अभिषेक तीन वर्षं राहिला होता, आणि पन्नासच्या वेगानं जायला देवदर्शनासारखं निमित्त नाही.

गाडीत मी, ही आणि आप्पाकाका. काका पोस्टातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला. मांडी, टेबल, शेजाऱ्याची पाठ, जे हाताशी येईल त्यावर त्यांची बोटं चालू असतात.

आवाज पहिल्यांदा ऐकू आला खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर. टक टक टक टक. बारीक नाही, मोठाही नाही. आतून कुणीतरी दार उघडायला सांगतंय असा. पुढच्या गाडीतला माणूस मान वळवून बघू लागला. टोल भरला, गाडी हलली, आणि आवाज बंद!

लवकरच नियम कळला. गाडी पळते तोवर गप्प, उभी राहून इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं की ठोके सुरू. यावर माझ्यासारख्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे न थांबणं. खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरमध्ये, टेम्परेचरच्या काट्यावर डोळा ठेवून चढलो. सुरूरला चहा नाही. पाचवडला चहा नाही. पन्नासच्या वेगामुळे जग आम्हाला मागे टाकत होतं. ट्रक गेले, एसट्या गेल्या, आणि भुईंजच्या अलीकडे दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीवर बसलेल्या पोरानं आम्हाला टाटा केला.

"अहो, साताऱ्याला थांबणार आहात की मी उडी मारू?" ही म्हणाली.

साताऱ्याच्या बाहेर थांबलो. ही आणि काका हॉटेलात गेले, मी शेजारच्या गॅरेजात. तिथल्या तरुण मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "टॅपेट." पद्मिनीला आठ व्हॉल्व्ह, त्यानं हेडचं झाकण काढून, फिलर गेजची पात सरकवून आठही टॅपेट तपासले, दोन उगाच सैल करून पुन्हा घट्ट केले आणि चारशे रुपये घेतले. गाडी चालू केली. टक टक टक टक. "आता ऑइल चढलं की बसंल," तो म्हणाला. ऑइल उंब्रजपर्यंत चढत राहिलं. आवाज बसला नाही.

उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागायचं. तिथल्या दुसऱ्या मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत, फक्त घाबरवलं. त्यानं कान लावला, मान हलवली आणि वैद्य नाडी सोडतो तसा हात सोडला. "बिग एंड गेलंय, सायेब. हितंच ठेवा गाडी. इंजान उतरावं लागंल." पिस्टनचा दांडा क्रँकला जिथं धरतो ते बेअरिंग म्हणजे बिग एंड. ते गेलं तर दांडा कधीतरी इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो. हे त्यानं हातानं करून दाखवलं. माझ्या डोळ्यांपुढे सव्वा महिना आणि त्याचं बिल उभं राहिलं. ही म्हणाली, "आपण एसटीनं जाऊ." काका काहीच बोलले नाहीत. ते मांडीवर बोटं चालवत होते, आणि कपाळाला आठी होती. चुकीचा ठेका ऐकला की पडते ती.

तरीही गाडी पुढे काढली. आशा आणि हट्ट यांतला फरक मला कधी कळलेला नाही. पाटणला एका चिंचेखाली एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं पत्र्याचं खोपट होतं. पुढचा रस्ता कोयनेकडे जातो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या पट्ट्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून कालचा वाटतो, त्यामुळे जमिनीतून आवाज आला की ते गप्प राहून आधी ऐकतात. मिस्त्रीनंही तेच केलं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून एकेक जागा ऐकत फिरला.

एवढ्यात मागून काकांचा आवाज आला. "मिस्त्री, हे टॅपेट नव्हे!"

काका सायलेन्सरमागे उकिडवे बसले होते. एक तळवा धुराशी, दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर.

"कशावरून, काका?"

"दर दोन फुटफुटींना एक ठोका पडतोय. साताऱ्याचा तो म्हणाला टॅपेट. टॅपेट किती वेळा वाजतो?"

मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. त्याच दोन फेऱ्यांत चार सिलिंडर मिळून सायलेन्सरमधून चार फुटफुटी. म्हणजे एक टॅपेट वाजला तर चार फुटफुटींना एक ठोका.

"आन् हितं दोनांस्नी एक," मिस्त्री हळूच म्हणाला. "म्हंजी क्रँकबरोबर फिरनारं काय तरी."

"दुगुन चालली आहे," काका म्हणाले. "मला साताऱ्यापासून खटकत होतं, पण तिथे भजी गरम होती."

मिस्त्रीनं त्यांना आपलं स्टूल दिलं. माझ्याकडे त्यानंतर कुणी पाहिलं नाही.

मग त्यानं प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. बिग एंड गेलं असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद होताच दांड्यावरचा दाब जातो आणि ठोका मऊ पडतो. चारही काढून पाहिल्या. इंजिन अडखळलं, ठोका जसाच्या तसा. उंब्रजचा माणूस तिथंच खोटा पडला आणि माझा सव्वा महिना वाचला. क्लच दाबायला लावला, फरक नाही. शेवटी डायनामोचा बोल्ट सैल करून फॅनचा पट्टा काढला आणि गाडी अर्धा मिनिट चालवली. आवाज दुप्पट झाला. पट्ट्यानं ओढून धरलं होतं म्हणून तो इतका वेळ मर्यादेत होता म्हणे.

इंजिन बंद केल्यावर मिस्त्रीनं पुढून हात घातला, क्रँकच्या टोकाची पुली मुठीत धरली आणि हलवली. इंजिन जागचं हललं नाही, पुली हलली. खट्. खट्.

"नट पिळायचा ऱ्हायलाय," तो म्हणाला. "लॉक वॉशरची कड बी दुमडल्याली न्हाई."

गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, काकांना ब्रेकवर बसवलं, म्हणजे इंजिन फिरणार नाही. मिस्त्री खाली शिरला, पान्ह्याला हातभर पाइप लावला आणि नट आवळला. त्याआधी पुली काढून तिला क्रँकवर धरून ठेवणारी चावी बघितली. एका अंगानं घासली होती; पितळी पट्टीचा तुकडा भरून तेवढ्यापुरती बसवली आणि पुण्याला गेल्यावर नवी घालायला बजावलं. पट्टा चढवला. गाडी चालू केली. इंजिन घुरघुरत राहिलं, आणि दुसरं काही नाही.

अडीचशे रुपये झाले. काकांना चहा त्याच्याकडून.

कुंभार्ली घाट उतरताना गाडीत इतकी शांतता होती की काका झोपले. चिपळूणला पोचल्यावर ही म्हणाली, "आता थांबायला हरकत नाही ना?" तिथं आम्ही तासभर थांबलो, इंजिन चालू ठेवून.

पुण्याच्या मिस्त्रींना परत आल्यावर नट दाखवला. ते म्हणाले, "म्हणूनच सांगितलं होतं, पाचशेला आणा." त्यांनी पाचशेला ऑइल बदला म्हटलं होतं, आणा नव्हे. मी वाद घातला नाही. पुढच्या खेपेलाही इंजिन बांधायला देणार ते त्यांच्याकडेच. फक्त गाडी ताब्यात घ्यायला काकांना बरोबर नेईन.