बसल्या जागचं क्रिकेट

लखनौच्या चिनहटात क्रिकेटला तोटा नाही. जिथे म्हणून प्लॉट रिकामा पडलाय तिथे विटांचे स्टंप उभे आहेत, आणि 2018 च्या नोव्हेंबरात आपल्या रोहित शर्माने जिथे वेस्ट इंडिजला नाबाद 111 धावांनी हैराण केलं, ते एकाना स्टेडियमही इथून फार लांब नाही. अशा ठिकाणी राहून एका प्रौढ माणसाने खोलीत बसून, हातात बॅट न धरता, संगणकावर नुसत्या आकड्यांचं क्रिकेट खेळावं आणि वर त्याचे पैसे मोजावेत, हे कुणाच्या गळी उतरवणं कठीण आहे. “अहो, यात तुम्ही नक्की करता काय?” असं घरातून विचारलं जातं. खरं उत्तर ‘बघतो’ एवढंच आहे. संघ निवडायचा, गोलंदाज बदलायचा, फलंदाजाने कितपत दमाने घ्यायचं ते ठरवून द्यायचं, आणि मग बघत बसायचं. मुलाला होस्टेलवर सोडून आलेल्या बापाइतकाच काय तो अधिकार हाती उरतो.

या खेळाचं बीज आमच्या पिढीत बालभारतीच्या पुस्तकांनी पेरलं. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. डावीकडची पानं नेहमी सम, त्यामुळे त्या जगात एक धाव काढायची सोयच नव्हती. मग आमच्या आतेभावाने, दादाने, आठाची एक धाव धरायचा कायदा केला आणि क्रिकेट वाचवलं. वहीच्या मागच्या पानांवर तो प्रत्येक खेळाडूची सरासरी मांडून ठेवायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री भूगोलाचं पुस्तक त्याच्या हातात पाहून आत्याला केवढं समाधान वाटे! पुढे कधीतरी गंमत म्हणून मी हिशेब केला, तर दादाच्या कायद्याने दर विकेटला सरासरी 13 धावा पडतात, म्हणजे अख्खा संघ साधारण 130 मध्ये गारद. हसण्यावारी नेऊ नका. 1952 च्या ऑक्टोबरात लखनौच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, पाकिस्तानच्या फझल महमूदपुढे भारताने 106 आणि 182 केल्या होत्या. विजय हजारे आणि विनू मंकड त्या सामन्यात नव्हते. त्यांच्याशिवायच्या संघापेक्षा भूगोलाचं पुस्तक फार वेगळं खेळलं नसतं.

दादाची ती वही मोठी होऊन जगभर पसरली आहे. ब्रिटनमध्ये ख्रिस चाइल्ड यांची ‘चाइल्डिश थिंग्ज’ नावाची चिमुकली कंपनी 1998 मध्ये सुरू झालेला क्रिकेट कॅप्टनचा खेळ काढते आहे. ‘आऊट ऑफ द पार्क’ हा बेसबॉलचा खेळ तर मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसाने रचला. ज्या देशात बेसबॉल कुणी मनावर घेत नाही, तिथे बसून अमेरिकेतल्या खेळाडूंच्या सरासऱ्या जुळवायच्या, या वेडाला काय म्हणावं! आणि काम भारी नाजूक. बलाढ्य संघ हरला पाहिजे, पण अधूनमधूनच. आणि हरला तर आपल्याला वाईट वाटलं पाहिजे, लबाडी वाटता कामा नये. आमच्या चिनहटनेही असा एक निकाल लावलेला आहे. 30 जून 1857 रोजी, समोरच्यांना कमी लेखून निघालेले इंग्रजांचे सर हेन्री लॉरेन्स इथे हरले आणि रेसिडेन्सीत जाऊन अडकले. चांगल्या खेळात एवढी जागा इतिहासासाठी मोकळी ठेवावी लागते.

पूर्वी असले खेळ फुटपाथवर, पॉलिथिनच्या पिशवीतल्या सीडीवर, चण्याफुटाण्यांच्या भावात मिळत. रचणाऱ्याला त्यातली कवडीही पोचत नसे, आणि असा कुणी रचणारा असतो हे तरी कुणाच्या डोक्यात होतं? 2015 पासून स्टीम या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती लागल्या. त्यातले साधारण 30 टक्के दुकानदारच ठेवून घेतो, तरी उरलेले त्या माणसापर्यंत जातात. मोठ्या कंपनीला माझे पैसे गेले काय आणि राहिले काय, कळायचंही नाही. पण चार माणसांच्या कचेरीत ते कुणाच्या तरी महिन्याच्या दुधाच्या हिशेबात दिसत असणार, असं मला उगीच वाटतं. इथल्या कुंभाराकडून झिलईची बरणी घेतानाही मी घासाघीस करत नाही. तो झाकण तीन-तीनदा फिरवून, नीट बसल्याची खात्री करून मगच बरणी हातात देतो. ते फिरवणं भावात धरलेलं नसतं.

यंदाचा क्रिकेट कॅप्टन घेताना ही शेजारी येऊन उभी राहिली.

“गेल्या वर्षीचा होता ना? मग यात नवीन काय?”

“बरंच आहे. सगळे खेळाडू एका वर्षाने म्हातारे झालेत.”

“आणि त्याचे पैसे घेतात?” ती चष्मा पुसत म्हणाली. “आपण तर फुकटात होतोय.”