तेल कुठलं वापरता?

वर्षावनं वाचवण्यासाठी घरबसल्या काय करावं, याच्या सल्ल्यांची यादी वाचू लागलो की मला पेपर न देताच पास झाल्यासारखं वाटतं. पहिला सल्ला गोमांस कमी खाण्याचा. अ‍ॅमेझॉनचं जंगल मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी तोडलं जातं, तेव्हा सल्ला रास्तच आहे. पण आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या आणि अख्खा श्रावण वजा केला की बांगड्यालाच जेमतेम जागा उरते. ब्राझीलचा बैल कुठून शिरणार? दुसरा सल्ला, जंगली लाकडाचं नवं फर्निचर घेऊ नका. आमच्याकडे आजोबांचं सागवानी कपाट आहे. फ्लॅट बांधून झाल्यावर ते आत कसं आणलं हे कुणालाच आठवत नाही आणि दारातून ते बाहेर निघत नाही, त्यामुळे नव्या फर्निचरचा प्रश्न कायमचा मिटलेला आहे. तिसरा सल्ला कागद जपून वापरण्याचा. ज्या घरात वाणसामानाची यादी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहितात, त्या घराला हे काय सांगायचं?

एवढं पुण्य गाठीशी बांधून माणूस निर्धास्तपणे चकलीकडे हात नेतो, आणि तिथेच अडकतो.

चकली विकतची असेल तर ती बहुधा पामतेलात तळलेली असते. शेव, फरसाण, वेफर, केळ्याचे काप, लहान मुलांचे झटपट नूडल्स यांचंही तेच. बिस्किटाच्या पुड्यामागे भिंग लावून वाचलं तर पहिल्या तीन-चार नावांत मैदा, साखर आणि पामतेल सापडतं. ज्या पदार्थाचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे नुसत्या क्रमावरूनही बरंच कळतं. आइस्क्रीम समजून आपण जे खातो त्यातल्या पुष्कळशा ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी हेच तेल असतं. आंघोळीच्या साबणात ते असतं, शांपूला फेस आणणाऱ्या द्रव्यातही त्याच फळाच्या गराच्या नाहीतर बियांच्या तेलाचा अंश असू शकतो. म्हणजे सकाळी साबण लावण्यापासून रात्री दुधात बिस्किट बुडवण्यापर्यंत हे तेल जिथून येतं त्या सुमात्रा-बोर्निओच्या संगतीत आपण असतो. फक्त ओळख झालेली नसते.

ओळख झालेली नसते, असं तरी कसं म्हणू? रेशनचं पामतेल माझ्या पिढीला चांगलंच आठवतं. थंडीत ते डब्यात थिजायचं. मग डबा उन्हात ठेवायचा आणि पाहुणे आले की ‘सूर्यफुलाचं आहे’ असं न विचारता सांगायचं. त्या तेलाला घराघरांत एक सामाजिक न्यूनगंड होता. तो पुढे सरकारनेच घालवला: 2022च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत जो संच रेशनवर मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. गरिबाच्या घरी दिवाळीला कढई चढते ती या तेलावर, ही गोष्ट विसरून पामतेलाला शिव्या घालणं सोपं आहे. मला तरी ते जमत नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंडोनेशियाने 28 एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद केली होती आणि आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचा चेहरा उतरला होता. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करतो तो भारत. अलीकडच्या वर्षांत दरसाल 75 लाख टनांहून अधिक. जकार्तात कुणी शिंकलं तर इथे भज्यांची प्लेट महागते. ती बंदी मे महिन्यातच उठली आणि वाणी पुन्हा हसू लागला.

हे तेल देणारं झाड मुळात तिकडचंही नाही. तेलमाड पश्चिम आफ्रिकेचा. 1848 साली डचांनी जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपं लावली, शोभेची म्हणून. आज आग्नेय आशियातल्या मैलोन् मैल पसरलेल्या बागांमधली बहुतेक झाडं आईच्या बाजूने या चार रोपांचीच वंशज आहेत. आपल्या गच्चीतल्या कुंड्यांकडे मी तेव्हापासून जरा संशयाने बघतो.

या बागांसाठी सुमात्रा आणि बोर्निओतलं सदाहरित जंगल गेलं. ओरांगउटान, वाघ, गेंडे, हत्ती एकाच जंगलात नांदणारी सुमात्रासारखी जागा जगात दुसरी नाही. त्यातून तिथली पुष्कळशी जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या पाल्याची, पाण्याने भरलेली. तेलमाड किंवा कागदाची झाडं लावायची तर चर खणून ते पाणी काढावं लागतं, आणि वाळलेली पीट पेटली की आग जमिनीच्या पोटात धुमसत राहते. पाऊस येईपर्यंत ती कुणाचं ऐकत नाही. 2015 साली इंडोनेशियात आगींत सुमारे 26 लाख हेक्टर जळालं. तो धूर सिंगापूरला पोहोचला. माझा भाचा तिथे असतो. तिथल्या गगनचुंबी इमारतींचे फोटो त्याच्याकडून नेमाने येत. त्या दिवसांत नुसते राखाडी चौकोन येऊ लागले. ताईला वाटलं, फोन बिघडला. ती त्याला म्हणाली, ‘अरे, कॅमेऱ्याची काच पूस.’

एवढं समजल्यावर सज्जन माणसाच्या मनात पहिला विचार बहिष्काराचा येतो. बहिष्कार आपल्याला आवडतोही, त्यात कष्ट कमी आणि तेज जास्त. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘आजपासून पामतेल बंद’ असा संदेश फिरला आणि त्याखाली सत्तावीस अंगठे उगवले. पण इथे एक गोची आहे. हेक्टरभर तेलमाडातून वर्षाला सरासरी साडेतीन टनांच्या आसपास तेल निघतं. तेवढ्याच जमिनीतून सोयाबीनचं अर्धा टन निघालं तरी पुष्कळ. उद्या सगळ्या जगाने पामतेल टाकून सोयातेल धरलं, तर तेवढ्याच तेलासाठी कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती बहुधा ब्राझीलमध्ये शोधली जाईल. म्हणजे ओरांगउटानला वाचवून आपण जग्वारच्या अंगणात नांगर घालणार. झाड बिचारं कामसू आहे. त्याला उभं कुठे करतात, एवढाच वाद आहे.

मग करायचं काय? माझ्या मते, चौकशी. या कामासाठी आपल्याइतका लायक समाज शोधून सापडणार नाही.

मराठी गिऱ्हाईक ही काय चीज आहे, हे दुकानदारांनाच विचारावं. पाव किलो चिवडा घेताना तो तीन प्रकार चाखतो, चौथ्यात मीठ जास्त म्हणतो, आणि शेंगदाणे खवट तर नाहीत ना हे मालकाच्या डोळ्यांत बघून विचारतो. ‘तेल कुठलं वापरता?’ हा प्रश्न तर पिढ्यान् पिढ्या विचारला जातोय. फक्त आजवर तो आपल्या घशासाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी होता. त्यात एक उपप्रश्न जोडायचा: ‘पामतेल असेल तर कुठल्या बागेतलं?’ मी तो आमच्या फरसाणवाल्याला विचारून पाहिला. तो म्हणाला, ‘काका, डब्यातलं.’ मागच्या रांगेतल्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो, लवकर आटपा, माझी मुलं शाळेतून यायचीत.’ आंदोलनाची सुरुवात म्हणून हे वाईट नव्हतं.

हसण्यावारी नेऊ नका, अशा भोचकपणाने मोठमोठे हललेले आहेत. 2010च्या मार्चमध्ये ग्रीनपीसने नेस्लेच्या किटकॅटची एक खोटी जाहिरात काढली: ऑफिसातला माणूस चॉकलेटचं वेष्टन उघडतो आणि ओरांगउटानचं बोट चावतो. लोकांनी कंपनीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात नेस्लेने जंगलतोडीतून आलेला माल न घेण्याचं जाहीर केलं. पुढे 2013च्या डिसेंबरात विल्मार या सिंगापूरच्या बलाढ्य तेलव्यापाऱ्यानेही जंगलतोड नाही, पीट नाही, शोषण नाही असं वचन दिलं. सगळी वचनं पाळली गेली, असं कुणी म्हणत नाही. तरी 2016 नंतर काही वर्षं इंडोनेशियातली मूळ जंगलाची तोड कमी होत गेली. त्यात तिथल्या सरकारने जंगलतोडीवर घातलेल्या बंदीचा वाटा होता, पावसाचा होता, तेलाच्या पडलेल्या भावाचा होता, आणि काही वाटा चिकट गिऱ्हाइकांचाही होता. जबाबदार पद्धतीने काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी आरएसपीओ ही व्यवस्था 2004 पासून आहे. तिच्यात त्रुटी आहेत, पण पुड्यावर तिचा शिक्का शोधण्याएवढी ती नक्कीच बरी आहे. युरोपातली गिऱ्हाइकं तो शोधतात. आपण ‘एकावर एक फ्री’ शोधतो.

बाकीचे उपाय स्वयंपाकघरातले आणि तसे किरकोळ. तळण कमी करावं, हे डॉक्टर सांगतातच. त्यांच्या यादीत जंगलाचं नाव घालावं, म्हणजे निदान एक कारण तरी ऐकण्यासारखं होईल. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवावी. हे करणाऱ्याला घरात चिक्कू म्हणतात, तिकडे दुर्लक्ष करावं. परवडत असेल त्याने लाकडी घाण्याचं शेंगदाणा किंवा करडईचं तेल घ्यावं. मात्र घेतल्यावर त्याविषयी तासभर बोलू नये.

आता हा प्रश्न समुद्रापलीकडचाही राहिलेला नाही. आयात कमी व्हावी म्हणून केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटींचं तेलमाड अभियान मंजूर केलं, आणि त्यात भर आहे ईशान्य भारतावर नि अंदमानवर. परकीय चलन वाचावं, शेतकऱ्याच्या हाती पैसा यावा, याला कोण नाही म्हणेल? पण मिझोराम, अरुणाचलच्या डोंगरउतारांवर आपली स्वतःची वर्षावनं आहेत. तेलमाडाला पाणी भरपूर लागतं आणि बागेत धनेश घरटं करत नाही. घरटं करायला त्याला ढोली असलेला म्हातारा वृक्ष लागतो. आपल्या दोडामार्गात डोंगर साफ करून रबर लागलं तेव्हा हेच झालं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर 2013 मध्ये उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली. ती मिळवणारेही चिवटपणे प्रश्न विचारणारेच लोक होते.

आमच्या नात्यात या कलेचे खरे आचार्य म्हणजे नाना. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते पत्रं लिहितात. महापालिकेला, रेल्वेला, आकाशवाणीला. वेष्टनांमागे ‘ग्राहक तक्रारीसाठी संपर्क’ असा पत्ता असतो हे मी त्यांना दाखवलं, ते घबाड हाती लागल्यासारखे उजळले. त्यांनी एका बिस्किट कंपनीला सुवाच्य अक्षरात विचारलं: आपल्या बिस्किटांतील पामतेल कोणत्या देशातील, कोणत्या जिल्ह्यातील, व त्या जागी पूर्वी जंगल होते किंवा कसे? पंधरवड्याने एक कुरिअर आलं. आत कंपनीच्या सर्व प्रकारांचा एक खोका होता आणि सोबत छापील पत्र: आपल्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत.

खोका नातवंडांनी संध्याकाळपर्यंत संपवला. नानांनी त्याच रात्री आंतर्देशीय पत्र घेतलं, ते अजून वापरणारे बहुधा तेच एक, आणि लिहिलं: ‘बिस्किटे मिळाली. चव बरी आहे. उत्तर खोक्यात सापडले नाही, ते वेगळे पाठवावे.’