मॅन्शनमधला मुक्काम

तोक्योच्या निशी-कासाईत मुलाकडे निघालेल्या पुणेकर काका-काकूंनी साऱ्या सोसायटीला सांगून ठेवलेलं असतं, की चिरंजीव मॅन्शनमध्ये राहतात. पोचल्यावर उलगडा होतो. जपानात मॅन्शन म्हणजे काँक्रीटच्या इमारतीतला फ्लॅट. दोन खोल्या आणि कपडे वाळत घालायला बाल्कनी. ही दुरुस्ती पुण्याला कळवायची काकांना काही घाई नसते.

या भागात संगणकवाल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे. इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले. त्यामुळे तूरडाळीची अडचण नाही. अडचण इंग्रजीची, आणि ज्याचं इंग्रजी चांगलं त्याची जास्त.

हॉटेलवर पाटी असते 'बायकिंगु'. म्हणजे व्हायकिंग! तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियन पद्धतीचं मांडून ठेवलेलं जेवण सुरू केलं. त्याचं मूळ नाव जपानी जिभेला काही केल्या वळेना. त्याच सुमारास कर्क डग्लसचा 'द व्हायकिंग्ज' आला होता. झालं बारसं. तेव्हापासून हवं तेवढं वाढून घ्यायच्या जेवणाला समुद्री लुटारूंचं नाव आहे, आणि काकांचं ताट पाहता ते शोभतंही.

परीक्षेतल्या लबाडीला जपानी पोरं 'कन्निंगु' म्हणतात. हसायला आपल्याला तोंड नाही. आपलं 'कॉपीमुक्त अभियान' लंडनकराला झेरॉक्सविरोधी चळवळ वाटायची.

बेकरीवाला पिशवीत एक जादा पाव टाकून 'साबिसु' म्हणतो. सर्व्हिस चार्जच्या धसक्याने काका पाकीट दाबून धरतात. साबिसु म्हणजे फुकट, हे कळल्यावर त्याच बेकरीत रोज फेरी ठरलेली.

नागोयात तर कहर. कॅफेतली मुलगी विचारते, 'मोनिंगु?' काका हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतात, आणि पुढ्यात कॉफीसोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं हजर. कॉफीच्या पैशात सकाळचा नाश्ता, त्याचं नाव 'मॉर्निंग'. जवळचं इचिनोमिया हे कापडगाव या प्रथेचं माहेर म्हणवतं. तिथले कारखानदार म्हणे मागांच्या खडखडाटाला कंटाळून व्यवहाराच्या गोष्टी बोलायला कॅफेत येऊन बसत. इचलकरंजीकरांना हे लगेच पटावं.

शेवटी ओसाका. मुलगा तोक्योच्या सवयीने 'मक्कु कुठे?' विचारतो. पोरं खिदळतात, इकडे त्याला 'माकुदो' म्हणतात. मॅकडोनाल्ड्स तेच, पण हाक मारायची तऱ्हा प्रांतागणिक वेगळी.

'आणि पूर्ण नाव?' काका विचारतात.

'माकुदोनारुदो.'

'तेलुगू दिसतायत,' काका म्हणतात.