कानसेन

काकांना 'सध्या काय वाचताय?' असं चुकूनही विचारू नये. ते आधी कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढतात, शर्टाला पुसून हातात धरतात आणि मग सांगतात, "मृत्युंजय. शोणाचा भाग चाललाय." दुसरं बोंडूक कानातच असतं. तुम्ही दोन वाक्यं बोलेपर्यंत शोण पुढे गेलेला असतो. मग काका तुमच्यादेखत पंधरा-पंधरा सेकंद करत मागे जातात आणि त्याला गाठतात. तुम्ही काय म्हणालात, ते मात्र परत विचारत नाहीत.

काका बँकेतून निवृत्त, मुक्काम कोथरूड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलानं फोनवर स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं. २०१७ साली ते भारतात आलं तेव्हा 'पैसे देऊन कोण ऐकणार?' असा काकांचा सवाल होता. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये आपल्यालाही जागा आहे हे कळल्यावर तो निकालात निघाला. डोळा महिन्याभरात बरा झाला. कान अजून सुटलेला नाही.

'ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे' असं म्हणणारे टेकडीवर बरेच भेटतात. त्यांच्यासाठी काकांकडे उत्तरं तयार असतात. नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा; वाचनाचं त्यात नावच नाही. पोथी एक जण वाचायचा, आळी ऐकायची. 'श्यामची आई'ची तर प्रकरणंच मुळी रात्री! साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्यातला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण तोंडानंच सांगतो. मुद्दा बिनतोड आहे. फक्त काका त्या बेचाळीस रात्री वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला, दीडपट वेगानं ऐकतात. त्या वेगात आईचा उपदेश ऐकला की तिची स्वारगेटहून गाडी सुटत असावी असं वाटतं.

वाचणाऱ्याच्या आवाजाबद्दल काकांचं समाधान आजवर झालेलं नाही. पुण्यात राहून ते होणं बरंही दिसलं नसतं. एकदा कुठल्याशा कादंबरीत वाचणाऱ्यानं 'जाऊबाईं'ना 'जीवना'तला ज लावला. काका भर मंडईत फ्लॉवर हातात घेऊन थांबले. "जीवनातला ज! जाऊबाईंना!" भाजीवालीला वाटलं, भाव ऐकून म्हणताहेत, तिनं पाच रुपये कमी केले. घरी आल्यावर काकांनी प्रकरण, मिनिट आणि सेकंद यांसह तक्रारीची ई-मेल धाडली. पाच रुपयांचा त्यात उल्लेख नव्हता.

माळ्यावर अजून अलूरकरांच्या कॅसेटींचा खोका आहे, पु. लं.चं कथाकथन त्यात घासून घासून पातळ झालंय. कॅसेटची एक सोय होती, हे मात्र काका कबूल करत नाहीत: बाजू संपली की उठून उलटावी लागे, त्यामुळे डुलकीला आपोआप लगाम बसे. फोनवर एक प्रकरण संपलं की दुसरं आपणहून सुरू होतं. आणि पुण्यातली दुपार ही दुपार आहे. कुशीवर झालं की बोंडूक टोचतं, म्हणून दुपारी काका फोन उशाशी ठेवून स्पीकरवर ऐकतात. अलीकडे दुपारची पाळी होती 'पण लक्षात कोण घेतो'ची. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. त्या काळी वाचक पुढच्या अंकाची आठवडाभर वाट बघत. काका आमटीभात जेवून आडवे होतात आणि चहाच्या वेळी जागे होतात. मधल्या वेळात हरिभाऊंचे कित्येक अंक निघून गेलेले असतात.

परवा आम्ही गेलो तेव्हा काका त्याच कादंबरीचं रसग्रहण करत होते. त्यांच्या मते यमूचा नवरा रघुनाथराव शेवटी तिला घेऊन मुंबईला जातो, बिऱ्हाड थाटतो आणि सगळं मार्गी लागतं. "सुखान्त कादंबरी. त्या काळाच्या मानानं फार पुढची."

काकू पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. "अहो, तो वारला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"रघुनाथराव. मंगळवारी. तुम्ही घोरत होतात. मग तिला सासरच्यांनी जबरदस्तीनं सोवळी केली. माझी त्या दिवशी कोशिंबीर करायची राहिली ती त्यापायीच."

काकांनी फोन उचलला आणि मंगळवार शोधायला लागले.

"मागं कशाला जाताय? मी सांगते की," काकू म्हणाल्या आणि मेथीची जुडी बाजूला सारून नीट मांडी घालून बसल्या. "पण तो शंकरमामंजी आहे ना, तो अगदी तुमच्या आत्याच्या यजमानांवर गेलाय हो. तोंडात सदा देव, आणि नजर दुसऱ्याच्या पेटीवर."

काकांनी दुसरंही बोंडूक काढून ठेवलं.