घरमालक, मुक्काम पोस्ट मोबाइल

भंडारा, तुमसर किंवा साकोलीत खोली भाड्याने घ्यायची, तर भाडेकरूला आपली कुंडलीच मांडावी लागते: आधार, फोटो, मूळ गाव, नोकरी, वर पोलीस ठाण्यात माहिती. बाहेरगावच्या मालकाची कुंडली मात्र पुष्कळदा एका ओळीत आटोपते: नाव, ‘रा. नागपूर’ आणि मोबाइल. भंडाऱ्यातून पाहिलं तर ‘रा. नागपूर’ हा पत्ता नव्हे, दिशा आहे, पश्चिम.

फोन असताना पत्ता कशाला, असं कोणी विचारेल. भाडं मागायला फोन पुरतो, कबूल. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १४ दुरुस्ती मालकाच्या गळ्यात घालतं. नोटीस बजावल्यावर पंधरा दिवसांत तो हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. आता नोटीस बजावायची कुठे, दिशेला? करारात तरी पत्ता यावा: कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत मागतं, जबाबदारीही मालकावरच टाकतं. पण अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत कायद्यापेक्षा टणक निघाली. पत्ता दिला तर भाडेकरू उठसूट दारात येतील, ही मालकाची भीती उरतेच. मग वकिलाचा पत्ता द्यावा! इंग्लंडमध्ये १९८७ च्या कायद्यानुसार नोटिशीसाठी पत्ता कळवेपर्यंत भाडं देय होतच नाही. तो नियम इथे आणा. पहिल्याच एक तारखेला पत्ता येईल, पिनकोडसकट, जवळच्या खुणेसह.